दहा मिनिटांचा अंधार

...तर ताटली थेट यंत्रात गेली, इथवर काल आलो होतो. आणि बाई केस सारखे करत जिन्यावरून खाली पळाल्या, फोटोसाठी. आता बाई काही पळणाऱ्यातल्या नव्हेत. बावीस वर्षांच्या नोकरीत त्या दिवशी पहिल्यांदा पळाल्या, आणि नेमक्या तिथेच चुकल्या.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागे जाऊ. प्रयोगशाळेत या बाईंना सगळे ‘दहामिनिटे बाई’ म्हणत. त्याचं कारण त्यांचं काम. आपल्या पेशीच्या आत हजारो प्रथिनांची धावपळ चाललेली असते. त्यातली कुठली दोन एकमेकांना भेटतात, हे तिथल्या लोकांना हवं असतं. डोळ्यांनी तर काही दिसत नाही, म्हणून त्यांनी युक्ती काढली. एका प्रथिनाला समुद्रातल्या एका जिवाकडून आणलेला निळा दिवा बांधायचा, काजव्यासारखा, बिनविजेचा. दुसऱ्याच्या अंगाला हिरवा चमकणारा रंग चोपडायचा. दोघं लांब लांब असतील तर नुसता निळा उजेड. पण खेटून उभी राहिली की निळ्याचा जोर त्या रंगाला मिळतो आणि तो हिरवा उजळतो. हिरवं वाढलं की समजायचं, भेट झाली.

हा उजेड इतका अशक्त, की माणसाच्या डोळ्याला पत्ताच लागत नाही, यंत्रालाच तो दिसतो. आणि पेशी ज्या पांढऱ्या प्लास्टिकच्या ताटलीत असतात ना, शहाण्णव खळग्यांच्या, ती मोठी लबाड. ट्यूबलाइटखाली राहिली की उजेड पिऊन बसते आणि अंधारात नेल्यावरही काही मिनिटं स्वतःच हिरवट मिणमिणते. म्हणून यंत्रात घालण्याआधी तिला दहा मिनिटं अंधारात ठेवायची. बाई एवढ्यावर थांबत नसत. बाजूच्या कपाटाएवढ्या खोलीत दिवा बंद करून ताटलीजवळ स्वतःही बसत. बाहेर आल्या की नोंदवहीत ‘अंधार, दहा मिनिटे’ या रकान्यात टिक करत. त्यांचा नवरा शिंपी. तो म्हणायचा, “माझी बायको पगार घेते तो डोळे मिटून बसण्याचा.” बाई म्हणायच्या, “आणि तुम्ही घेता तो बटणं उशिरा लावण्याचा.”

त्या दुपारी काचसामान धुणारे काका निवृत्त होत होते. पायरीवर सगळ्यांचा फोटो निघायचा होता. काका खास वर येऊन सांगून गेले, “बाई, एकाही फोटोत तुम्ही नाही. आज तरी उजेडात या.” बाई ताटली घेऊन अंधाऱ्या खोलीच्या दाराशी पोचतात तोच खालून हाका सुरू झाल्या. दहा मिनिटं म्हणजे फोटो गेलाच. बाईंनी ताटली तशीच यंत्रात सरकवली आणि बटण दाबलं. जाता जाता हात सवयीने नोंदवहीकडे गेला आणि टिकही करून आला.

फोटो झकास आला. काकांच्या शेजारी, पुढच्या रांगेत बाई हसताहेत. दुसऱ्याच दिवशी तो व्हरांड्यात लागला, त्यांच्या रोजच्या वाटेवर.

ताटली होती एका संशोधक मुलीची. दोन वर्षं ती एकाच जोडीच्या मागे होती आणि त्या जोडीची भेट काही केल्या दिसत नव्हती. या वेळी दिसली. तुलनेची ताटली, जिच्यात नुसता निळा दिवा असतो, ती बाईंनी सकाळी रीतसर अंधारात बसवली होती, तिच्यात हिरवं नव्हतं. दुपारच्या ताटलीत मात्र होतं. त्या पेशी मोठ्या मुश्किलीने वाढवलेल्या, पुन्हा वाढवायच्या तर दोन महिने. मोठे सर म्हणाले, सोमवारच्या सभेत मांडून टाक, बाकीचं मागाहून करू.

मुलगी धावत बाईंकडे आली. “मावशी, पक्कं ना? तुम्ही बसवली होती ना?”

बाईंना खालून आलेल्या त्या हाका आठवल्या. पण तोंड म्हणालं, “पक्कं.”

“मग मला काळजी नाही. दुसऱ्या कुणी लावली असती तर मी झोपलेच नसते.”

झालं. त्या दिवसापासून बाईंना घास गोड लागेना. नवऱ्याने दोनदा विचारलं, काय झालं म्हणून, तर म्हणाल्या, दाढ दुखतेय. त्याने लवंग आणून दिली. न दुखणाऱ्या दाढेखाली बाई मुकाट्याने ती लवंग धरून बसल्या. येता-जाता व्हरांड्यातला फोटो टाळायला त्या मागच्या जिन्याने जाऊ लागल्या. स्वतःला समजावतही होत्या, की एवढंसं मिणमिणणं ते काय, भेट खरीही असेल.

शुक्रवारी राहवेना. दुपारी सगळे बैठकीला गेल्यावर बाईंनी एक कोरी ताटली घेतली. खळग्यांत नुसतं पाणी घातलं. ट्यूबलाइटखाली ठेवली आणि त्या दिवशीसारखीच, न बसवता, यंत्रात घातली. पाण्यात कोण कुणाला भेटणार? पण पडद्यावर हिरवा आकडा आला. मुलीच्या ताटलीतलं जेवढं हिरवं जास्तीचं होतं, साधारण तेवढाच. मग तीच ताटली दहा मिनिटं अंधारात बसवून पुन्हा लावली. आकडा जवळजवळ शून्य.

दोन्ही कागद हातात घेऊन बाई मुलीच्या टेबलाशी गेल्या. ती सोमवारचं भाषण पाठ करत होती. आपल्याच तंद्रीत म्हणाली, “बसा ना मावशी, ऐका, इथे मी तुमचं नाव घेते.”

“माझं नाव काढून टाक,” बाई म्हणाल्या, आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. फोटो, हाका, टिक. पक्कं म्हणाल्या होत्या तेही. काही गाळलं नाही.

मुलीने कागद पाहिले. पुन्हा पाहिले. मग समोरच्या भाषणाची पानं पालथी घातली. चिडली असती तर बाईंना बरं वाटलं असतं, पण ती नुसतीच कोमेजली. तिने फोन उचलला आणि सरांना कळवलं, की सोमवारी आपण बोलणार नाही, का ते भेटून सांगते.

“मला ती भेट इतकी हवी होती ना मावशी,” ती म्हणाली, “की मीही दुसऱ्यांदा लावून बघितलं नाही.” मग डोळे पुसून विचारलं, “आता काय करायचं? तुमच्याकडे ताटली द्यायची की नाही, ते तुम्हीच सांगा.”

बाई म्हणाल्या, “पेशी पुन्हा वाढव. दोन महिने रोज सकाळी त्यांचं पाणी बदलायला मी लवकर येईन. ताटलीजवळ अंधारातही मीच बसेन, ते काम मला येतं. पण टिक तू करायची, बाळा, आणि मी आत आहे का, ते दार वाजवून विचारल्याशिवाय करायची नाही.”