पापणी पाहणारी सिस्टर

आमच्या उपकेंद्रातली सिस्टर रामराम घालायच्या आधी माणसाची खालची पापणी ओढून रक्त पाहते. किराणा दुकानात, बसथांब्यावर, मयतीतसुद्धा. "पांढरी दिसून राह्यली. लोहाच्या गोळीवर चहा पेली असशील," असं म्हणून पुढं जाते. बाया तिला लांबून पाहूनच पदर ओढून घेतात.

माझ्या मुलीचं रक्त तिनंच तपासायला लावलं. मुलगी सिकलसेल या रक्ताच्या आजाराची वाहक निघाली. तिला स्वतःला त्रास नाही, पण नवराही वाहक असला तर लेकरू आजारी जन्मू शकतं. तो रिपोर्ट मी कपाटात पत्रिकेखाली दडवला. सोयरीक माझ्या बहिणीच्याच घरी, वडनेरला ठरली होती. म्हणजे नवरदेवही आमच्याच रक्ताचा.

कुंकवाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी सिस्टर आली. तिनं नवरदेवाला टिळा लावला. मी तिच्या अंगठ्यावरच नजर ठेवून होतो. तो पापणीकडं गेला नाही. मला हायसं वाटलं.

"आज पापणी नाही पाह्यली?" मी उगाच हसून विचारलं.

"हे पापणीत दिसत नाही, भाऊ," ती हळूच म्हणाली. "बहिणीले तुम्ही सांगता, का मी सांगू?"

समोर माझी बहीण पाटावर बसलेल्या माझ्या पोरीची ओटी भरत होती.