मामांची निसटलेली चप्पल

मंडळी, आज आमच्या आशा वर्कर सुमनताईंचा लई अभिमान वाटून राहिलाय.

अहमदपूरच्या माझ्या दवाखान्यात त्या त्यांच्या गावच्या एका मामांना घेऊन आल्या. तळव्याला जखम, वर हळद थापलेली. "दुखत न्हाई डॉक्टर, बरी होऊन राहिली," मामा खुशीत म्हणाले. जखम धुऊन, कडा बघून मी ड्रेसिंग लिहायलाही घेतलं.

तेवढ्यात ताई म्हणाल्या, "सर, एसटीतून उतरताना यांची चप्पल निसटली. यांना कळलंच न्हाई!"

माझा पेन थांबला. मामांना डोळे मिटायला लावले. "तळव्याला कापूस लावला की सांगा."

"लावा की!" मामा म्हणाले.

कापूस मी केव्हाच लावला होता.

शुगर तपासली, भलतीच वाढलेली; तिच्यामुळंच तळव्याची जाणीव गेली होती. जखम मी बघितली, पाय ताईंनी बघितला.

तुमच्या घरातल्या शुगरवाल्यांचे तळवे शेवटचे कोणी बघितले?