टोपणाचे दोन ठोके

वहिनींचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघालो होतो, अंबडच्या सिग्नलला. "भावोजी, मिलिंद उठतच नाहीये... डॉक्टर म्हणतात, गेलाय." मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. माझ्या मनात पहिला विचार आला, की आता त्याच्याकडे कबुली द्यावी लागणार नाही. दीड महिना झाला, त्या विचाराची लाज गेलेली नाही.

मिलिंद माझा इंजिनिअरिंगच्या होस्टेलपासूनचा मित्र. तो अठ्ठेचाळीस वर्षांचा असताना त्याच्या सॉफ्टवेअर कंपनीने त्याच्यासकट अख्खी टीम कमी केली. वीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलाखती घेतलेला माणूस पुन्हा मुलाखतींना बसू लागला. दर रविवारी सकाळी गंगापूर रोडवरच्या त्याच्या हॉलमध्ये, लेकीच्या, सईच्या, पांढऱ्या फळ्यासमोर, मी त्याची तयारी करून घ्यायचो. "या साहेब, बायोडाटा बघून हसू नका," म्हणत तो दार उघडायचा. प्रोग्रॅमिंगचे प्रश्न साधेच असत. नावांची मोठी यादी आहे, त्यात एखादं नाव दोनदा आलंय का, हे झटपट कसं शोधशील? त्याला येत होतं सगळं. पण कुणी बघतंय म्हटलं की डोकं बंद पडायचं. कानशिलावर घाम यायचा, आणि मार्करचं टोपण तो फळ्याच्या कडेवर दोनदा वाजवायचा. स्वयंपाकघरातला नळ बंद व्हायचा, म्हणजे वहिनी ऐकत असायच्या. ती शांतता मला सोसायची नाही. "अरे, आधी येऊन गेलेली नावं कुठंतरी ठेव की," मी बोलून जायचो. मग तो सुटायचा. "कितपत झालंय, भावोजी?" आतून प्रश्न यायचा. "फर्स्ट क्लास!" मी सांगायचो.

पुण्याच्या एका कंपनीची ऑनलाइन मुलाखत झाली, त्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला. "अडकलो. पेनचं टोपण वाजवलं टेबलावर. समोरचा पोरगा नुसता बघत बसला. नंद्या, मी तुझी वाट बघत होतो रे!" आणि हसला. मला त्याच क्षणी कळलं, मी त्याला काय शिकवलं होतं ते. तरी मी म्हणालो, "पोरगाच अर्धवट असेल." त्याला ते पटलं नाही. पुढच्या रविवारी टोपण वाजलं आणि मी पुन्हा बोललो... तो शेवटचा रविवार. त्याचं हृदय मुलाखतीमुळे थांबलं असं मी म्हणत नाही. पण शेवटचे दिवस तो आपल्याला काही येत नाही असं समजून जगला, आणि ते खरं नव्हतं. वहिनी हे इथेच पहिल्यांदा वाचतील.

गेल्या रविवारी त्यांनी बोलावलं. सईच्या कॉलेजात कंपन्या येणार आहेत. "तिची तयारी करून घ्याल? तिचा बाबा म्हणायचा, नंद्यासारखी कुणी करून घेत नाही." मी तोच यादीचा प्रश्न घातला. सई अर्ध्यापर्यंत आली आणि थांबली. फळ्याच्या कडेवर टोपण वाजलं, दोनदा. आत नळ बंद झाला. वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो.

"काका...?"

ते वाक्य मी गिळलं. तिच्याकडे बघवेना म्हणून टोपणाकडे बघत राहिलो. ते तिच्या मुठीत तसंच होतं, किती वेळ कोण जाणे... मग फळ्यावर मार्कर टेकल्याचा आवाज आला.