धुवणकाकी

आमच्या नागावात पोर धडपडलं, की त्याच्या आईच्या आधी धुवणकाकी पोचायची. आणि पोर गुडघ्याचं रक्त विसरून तिच्यापासूनच पळत सुटायचं! जखम धुवायची म्हणजे ती किती धुवायची, याला काही सुमार नव्हता, म्हणून आम्ही पोरांनी तिला हे नाव ठेवलं. खरं नाव मला लग्नाच्या वयापर्यंत ठाऊक नव्हतं. शेजारच्या नारळी-पोफळीच्या वाडीत ती एकटीच राहायची. नवरा मुंबईला गिरणीत होता. आधी शिमग्याला यायचा, पुढे तेवढंही येईनासा झाला.

पहिलं महायुद्ध संपून सातआठ वर्षं झाली असतील. खरचटण्यावर तेव्हा गावात एकच उपाय होता. पडलो तिथलीच चिमूटभर माती उचलायची, जखमेवर दाबायची, आणि पुन्हा खेळायला मोकळं. रक्तही थांबायचं. मोठी माणसंसुद्धा कामातून मान वर न करता सांगायची, "माती लाव नि गप ऱ्हा." काकीला मात्र जखमेवर माती दिसली की तिचं डोकंच फिरायचं. "कुनी लावली? कुनी सांगितलं लावाया?" असं विचारत ती मनगट धरायची, आणि ते मनगट सुटणं शक्य नसायचं.

तिच्या चुलीजवळ उकळून निवलेल्या पाण्याचं तपेलं कायम झाकलेलं असे. त्यात मिठाचा खडा टाकायचा, धुवट लुगड्याची चिंधी घ्यायची आणि तांब्याची बारीक धार धरायची. वाळूचा शेवटचा कण निघेपर्यंत धार थांबायची नाही. मेलं असं झोंबायचं, की मी सगळी आळी डोक्यावर घ्यायची. त्यावर ती शांतपणे म्हणायची, "तू रड गो बाय, मी धुते. दोघी आपापलं काम करू."

त्यानंतरची गोष्ट आम्हांला फार आवडायची. पुढचे दहाबारा दिवस काकी रोज सकाळी दारात हजर. "आ कर," म्हणायची. आपण आ केला की पदराच्या गाठीतून गूळखोबऱ्याचा तुकडा काढून तोंडात टाकायची. "आणखी मोठा कर. हां, आता मिट." आम्हांला वाटे, जखम सोसल्याचं हे बक्षीस. एकदा मी त्या गुळापायी विहिरीच्या दगडावर स्वतःचं कोपर घासून घेतलं होतं, इतकी मी हावरी.

मी नऊ वर्षांची असताना आमच्याच रहाटावर पडले. बैल फिरून फिरून जी गोल वाट होते, तिच्यावर शेणामातीचा राडा असतो. तिथेच गुडघा सोलवटला. आई वाफ्यात पाणी वळवत होती. तिनं नेहमीसारखंच सांगितलं, "माती लाव गो." मी चिमूट उचलली, तोच काकी कुंपणातून काटे ओरबाडून घेत आत घुसली आणि तिनं माझ्या हातावर फाडकन मारलं. मला घरी नेऊन तिनं गुडघा धुतला. त्या दिवशी "तू रड, मी धुते" म्हणाली नाही. मधेच ती मला "वासू" म्हणाली.

वासू कोण, ते मी आईला विचारलं. आईनं हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, वासू काकीचा मुलगा, सहा वर्षांचा. असाच रहाटावर पडला. काकीनंच त्याला माती लावायला सांगितली. आठव्या दिवशी त्याचा जबडा घट्ट बसला, पाणीसुद्धा आत जाईना. धनुर्वात. "म्हणून ती तुम्हां पोरांची तोंडं उघडून बघते," आई म्हणाली.

दुसऱ्या सकाळी काकी आली. "आ कर." मला तो गूळ खावेना. मी तोंड घट्ट मिटून घेतलं आणि नुसती तिच्याकडे बघत राहिले. काकीचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं माझे गाल धरले, बोटं ओठांत घालू लागली, "उघड गो, उघड!" म्हणून ओरडली. काय करून बसले, ते मला तेव्हा कळलं. मी आ केला. काकी तिथेच अंगणात मटकन बसली.

"तो मला म्हनला व्हता," ती म्हणाली, "आये, जखमंवर पानी घाल. पानी तर पाटातनं वाहत व्हतं गो, माज्या पायाशी. मीच न्हाय उठले."

मी तिच्या गळ्यात पडून रडले. त्या मिटल्या तोंडाची लाज मला आजही वाटते.

पुढे माझं लग्न होऊन मी तळा गावी गेले. माझा मुलगा चालायला लागल्यावर चुलीजवळ झाकलेलं तपेलं माझ्याही घरी आलं. सासूबाई म्हणायच्या, "एवढ्याशा खरचटण्याला काय हे सोवळं!" मी आपली धुवायची.

काकीचं काही खरं नाही, असा निरोप आईनं पाठवला, तेव्हा मी मुलाला घेऊन निघाले. तरीच्या होडीतून खाडी ओलांडून नागावला पोचायला दीड दिवस लागला. दुपारची वेळ होती. काकी ओटीवर निजली होती, पार वाळलेली. तिनं मला ओळखलं नाही. माझ्या कडेवरच्या पोराकडे मात्र ती एकटक बघत राहिली.

"पडला?" तिनं विचारलं.

मुलाला काहीच झालं नव्हतं. तरी मी म्हटलं, "व्हय काकी, गुडघा फुटला."

"माती?"

"नाय लावली. आधी पानी घातलं. लख्ख धुतला."

ती डोळे मिटून पडली. मला वाटलं, झोप लागली. मग ओठ हलले. "तोंड उघडतो?"

मी मुलाला तिच्याजवळ बसवलं आणि कानात सांगितलं, "आ कर रे." त्यानं एवढा मोठा आ केला. काकीची बोटं पदराच्या गाठीकडे गेली आणि गाठ चाचपडत राहिली. गाठीत काही नव्हतं. मुलगा आपला तोंड उघडून वाट बघत होता, आणि काकी त्याच्या उघड्या तोंडाकडे बघत हसत होती.