चढउताराचा भोंगा

शूटिंगला मला नेलं नाही. कारखान्यांच्या भागात, संध्याकाळच्या वेळी, चार मुलांबरोबर मुलीनं जायचं म्हटल्यावर आईच्या कपाळाला आठ्या पडल्या आणि वडिलांनी वर्तमानपत्र खाली न घेताच "नको" म्हटलं. त्यामुळे आमच्या पालघरच्या कॉलेजातल्या मुलांनी जो छोटा रहस्यपट काढायला घेतला होता, त्यातलं सगळ्यात नावडतं काम माझ्या वाट्याला आलं. चित्रीकरण झाल्यावर तुकडे जोडायचे आणि त्यावर आवाज चढवायचे. मी रुसले, दोन दिवस कोणाशी बोलले नाही आणि तिसऱ्या दिवशी कामाला लागले. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं, मी दुसऱ्या वर्षाला होते आणि काळजी करणं हा माझा जन्मजात छंद होता.

गोष्ट साधी होती. रात्रपाळीला बंद शेडमध्ये एकटा राहिलेला एक कामगार. आपल्यामागे कोणीतरी चालतंय असं त्याला वाटत राहतं. तो पळतो, दार सापडत नाही आणि शेवटी भोंगा वाजतो. सगळा मिळून अकरा मिनिटांचा मामला. दिग्दर्शक माझ्याच वर्गातला, पालघरच्या एका डॉक्टरांचा मुलगा. कॅमेरा त्याच्या मामाचा, म्हणून दिग्दर्शन त्याचं.

जोडकाम व्हायचं कारखान्यांना लागून असलेल्या आमच्या सरावली गावातच, लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटी काढणाऱ्या काकांच्या घरी. काका मूळचे जवळच्या, समुद्राकाठच्या नवापूरचे, घरची होडी भावांवर सोपवून कॅमेऱ्याकडे वळलेले. आमच्या चाळीपासून घर पाच मिनिटांवर आणि काकी दिवसभर घरात, म्हणून मला परवानगी मिळाली. लग्नसराई नव्हती, त्यामुळे दुपारी त्यांची यंत्रं रिकामी असत. यंत्रं म्हणजे दोन व्हीसीआर आणि एक टीव्ही. एकात शूटिंगची कॅसेट घालायची, दुसऱ्यात कोरी, आणि हवा तेवढाच तुकडा इकडून तिकडे उतरवायचा. दोन्हीकडची बटणं एकाच क्षणी दाबायची. जरा चुकलं की पळणारा कामगार एकदम भिंतीच्या पलीकडे पोचलेला दिसे. मधला तुकडा बदलायचा म्हटलं तर त्याच्या पुढचं सगळं पुन्हा करायचं, आणि प्रत्येक नकलेत चित्र आणखी पुसट व्हायचं ते वेगळंच.

"हात कापतो तुजा," काका म्हणायचे. "बटन दाबतंस का इंचू पकडतंस?"

आवाजाचं काम तर त्याहून जिवावरचं. पावलं, श्वास, दाराची कडी, भोंगा, सगळं एका ऑडिओ कॅसेटवर वेळ मोजून ओळीनं भरायचं आणि शेवटी चित्राखाली एका दमात उतरवायचं. मध्ये थांबायची सोय नाही. पावलांसाठी मी वडिलांचे कंपनीतले बूट घालून काकांच्या गच्चीवर फेऱ्या मारल्या. धापा माझ्याच होत्या, त्या मात्र मुद्दाम आणाव्या लागल्या नाहीत. ज्या स्पर्धेसाठी हे सगळं चाललं होतं, ती शनिवारी पालघरला होती. शुक्रवारी आमच्याकडचे कारखाने बंद असत, म्हणून त्या दिवशी व्होल्टेज नीट मिळे. शेवटची नक्कल शुक्रवारीच काढायची, हा काकांचा नियम. म्हणजे गुरुवारपर्यंत सगळे आवाज तयार हवेत. माझं जेवणावरचं लक्ष उडालं होतं.

आणि घोडं अडलं भोंग्यावर.

भोंग्याचं थोडं सांगायला हवं. आमच्या गल्लीला घड्याळाची गरज नव्हती. पाळी सुटायचा भोंगा लांब आणि एकसुरी. तो वाजला की बायका भाताला आधण ठेवत. दुसरा भोंगा चढउताराचा. तो वाजला म्हणजे कुठंतरी वायू सुटला. वडील रसायनांच्या कारखान्यात ऑपरेटर होते, आणि भोपाळ होऊन फार वर्षं झाली नव्हती. त्यांनी आमच्याकडून पाढ्यांसारखं पाठ करून घेतलं होतं: फडकं ओलं करून नाकाला लावायचं, चिमणीचा धूर कुठं जातोय ते बघायचं, वाऱ्याला आडवं पळायचं आणि कारखान्याकडे यायचं नाही. "माला शोधाला यायचा नाय," हे ते दोनदा म्हणत. महिन्यातून एकदा, ठरलेल्या सोमवारी सकाळी या भोंग्याची चाचणी होई. आदल्या दिवशी कारखान्याच्या गेटाजवळच्या फळ्यावर तसं लिहिलेलं असे.

तो चाचणीचा भोंगाच मी टेपरेकॉर्डरवर पकडून आणला होता. पण काकांच्या खोलीत वाजवला की त्यात काही दमच राहात नसे.

"हा भोंगा आहे?" दिग्दर्शक म्हणाला. "मला वाटलं काकींचं वरण शिजतंय."

मला राग आला, कारण ते खरं होतं. तीन आठवडे मी तो भोंगा पुढे-मागे करून ऐकत होते. किती सेकंदांत चढतो, किती सेकंदांत उतरतो, सगळं तोंडपाठ. एखादा शब्द शंभरदा म्हटला की त्याचा अर्थच निघून जातो, तसं माझं झालं होतं. हे आता कळतं. तेव्हा एवढंच कळत होतं की या आवाजाला मोकळी हवा हवी, लांबून आल्यासारखा तो वाटायला हवा.

उपाय मलाच सुचला, आणि सुचल्यावर मी स्वतःवर खूश झाले. काकांकडे लग्नाच्या वरातीचा मोठा कर्णा होता. तो गच्चीवर लावायचा, त्यातून भोंगा वाजवायचा आणि लांब शेतात उभं राहून पुन्हा रेकॉर्ड करायचा. बुधवारी दुपारी काका नवापूरला साखरपुड्याला गेले होते आणि काकी झोपल्या होत्या. दिग्दर्शक गच्चीवर थांबला. मी पडीक शेताच्या पलीकडे बांधावर उभी राहिले, गळ्यात टेपरेकॉर्डर, कानावर हेडफोन. मी रुमाल हलवला की सुरू करायचं, असं ठरलं होतं. मी रुमाल हलवला.

अंगावर काटा आला. काय भोंगा होता तो! लांबून येत होता, भिंतींवर आपटत होता, वाऱ्यानं मध्येच विरत होता. मी डोळे मिटून घेतले. मग त्यात पत्रे वाजू लागले, दारं आपटू लागली, मुलं रडू लागली आणि, सांगायची लाज वाटते, पण मला वाटलं, वा, हे तर आणखीनच छान येतंय.

मग हेडफोनमध्ये आईचा आवाज आला.

डोळे उघडले तर सगळी चाळ बाहेर. तोंडाला ओली फडकी, काखेत पोरं, सगळे वाऱ्याला आडवे, मोठ्या रस्त्याकडे पळत होते. शेजारची भाभी सातव्या महिन्यात होती, ती पोट धरून पळत होती. सगळे बरोबर दिशेनं चालले होते, एकटी माझी आई सोडून. ती कारखान्यांकडे निघाली होती. पायात चप्पल नाही, तोंडाला फडकं नाही, हाताला पीठ, आणि मैलभर लांब असलेल्या माणसाला ती हाक मारत होती, "अवो! अवो!" नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नव्हतं. तेव्हाही घेतलं नाही.

मी बंद करायची खूण म्हणून जोरजोरात रुमाल हलवला. गच्चीवरच्या शहाण्याला वाटलं, मी आवाज वाढवायला सांगतेय. त्यानं वाढवला. मी शेत तुडवत गेले, जिना चढले आणि वायर उपटली. तो माझ्याकडे बघतच राहिला. पालघरच्या डॉक्टरांच्या मुलाला तो भोंगा म्हणजे काय हे माहीत असायचं कारण नव्हतं. मला होतं.

आई मला वडिलांच्या कारखान्याच्या गेटावर सापडली. वॉचमन तिला परोपरीनं सांगत होता, "कुछ नहीं हुआ, बहनजी, यहाँ कुछ नहीं बजा." आतून वडिलांना बोलावून आणलं होतं. त्यांनी आईच्या पायांकडे बघितलं. टाच फुटून रक्त आलं होतं.

"तुला यायचा नाय म्हनून सांगितला होता ना?"

"मंग कुठं जानार?" आई म्हणाली आणि तिथंच खाली बसली.

वडील म्हणाले, आपला भोंगा तर वाजलाच नाही, मग वाजला कुणाचा? मग त्यांची नजर माझ्यावर आली. माझ्या गळ्यात टेपरेकॉर्डर अजून तसाच लटकत होता आणि चालूही होता.

"माझा," मी म्हटलं.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "आज लोकं पलाली, त्याचा काय नाय. उद्या खरा वाजंल तवा म्हनतील, पोरीचा शूटिंग चाललाय. आनि घरात बसून राहतील. त्यांना काय सांगशील?"

संध्याकाळी त्यांनी मला घरोघर नेलं. प्रत्येक दारात मी सांगितलं की भोंगा मी वाजवला, चूक झाली, पुन्हा कधी वाजणार नाही. आणि लोक हसले! जीव वाचल्याच्या आनंदात हसले, माझ्या पाठीवर थापा मारल्या. भाभी रस्त्याकडेला बसून पाणी पिऊन परत आली होती. तीसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. "अच्छा, पिक्चर का था!" तिला मुलगा होईपर्यंत रोज सकाळी मी आधी तिचं दार उघडलंय का ते बघायचे. पण त्या हसण्यानंच मी घाबरले. वडील म्हणाले होते ते सुरू झालं होतं.

गुरुवारी दिग्दर्शकानं कॅसेट ऐकली आणि तो उभाच राहिला. "असा आवाज शोधून मिळणार नाही. ती बाई 'अवो' म्हणते ना, तिथं तर कळस आहे."

ती बाई! मी कॅसेट त्याच्या हातातून घेतली, टेपरेकॉर्डरमध्ये घातली, आवाजाचं बटण शून्यावर नेलं, रेकॉर्डचं दाबलं आणि त्याच्यासमोर ती अख्खी बाजू कोरी करून टाकली. पंचेचाळीस मिनिटं आम्ही दोघं फिरणाऱ्या कॅसेटकडे बघत बसलो होतो. पुढे परीक्षेपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. शुक्रवारी मी तो जुना वरणाचा भोंगाच एका दमात चित्राखाली उतरवला. माझा हात कापला नाही, हे काकांनीही बघितलं. शनिवारी पालघरच्या सभागृहात तो भोंगा वाजला तेव्हा मागून कोणीतरी कुकरची शिट्टी मारली आणि सगळे हसले. आमचा नंबर आला नाही. मला वाईट वाटलं, पण फार नाही. माझं लक्ष दुसऱ्याच भोंग्याकडे लागलं होतं. चाचणीच्या सोमवारी मी दारात उभी राहून गल्लीतले चेहरे बघायचे. पूर्वी बायका चाचणी असली तरी हातातलं काम थांबवत. आता थांबवत नव्हत्या.

पुढच्या वर्षी, थंडीत, एका सकाळी भोंगा वाजला. सोमवार नव्हता. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं. आई उंबऱ्याशी बसून बोंबील साफ करत होती, मी आत पुस्तक घेऊन बसले होते. भोंगा चढला, उतरला, पुन्हा चढला. आईचा हात थांबला नाही.

मी पुस्तक टाकून उठले. बाहेर बघितलं तर गल्लीतली सगळी दारं उघडली होती, पण पळत कोणी नव्हतं. आपापल्या दारात उभे राहून सगळे आमच्या दाराकडे बघत होते. भाभीनं मुलाला कडेवर सावरलं आणि विचारलं, "दीदी घर पे है क्या?"

आईनं मान वळवली. मी घरात आहे हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं असावं. मी दारात आले आणि दोन्ही हात वर करून रिकामे तळवे सगळ्यांना दाखवले.

"मी इथं आहे," मी ओरडले. "माझा नाही हा! माझा नाही!"

गल्ली क्षणभर तशीच उभी राहिली आणि मग रिकामी झाली. पुन्हा तीच ओली फडकी, तोच मोठा रस्ता. आईनं बोंबील टाकले, उठली आणि तिचा पाय कारखान्याकडे वळला. मी तिचं मनगट धरलं. तिनं एकदा हिसका दिला. मी सोडलं नाही. मग ती माझ्याबरोबर आली, पण सगळा वेळ मान मागे वळवून.

आम्हाला खोकल्यापलीकडे काही झालं नाही. संध्याकाळी वडील लाल डोळे घेऊन घरी आले, कुठलीशी नळी फुटली होती म्हणाले आणि जेवायला बसले. त्या सकाळी परीक्षेचा फॉर्म भरायला मी पालघरला जाणार होते, हे मी त्यांना सांगितलं नाही. फॉर्मला लावायचे फोटो मिळाले नाहीत म्हणून राहिले होते, नाहीतर दारात येऊन हात वर करायला कोणी नसतं. आईला मात्र ते ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी फॉर्म घेऊन निघाले तर ती माझ्यामागून गल्लीत आली. पहिल्या दारापासून शेवटच्या दारापर्यंत ती थांबत थांबत सांगत गेली, आणि पुढे माझं लग्न होईपर्यंत मी कुठंही निघाले की तिनं हे सोडलं नाही.

"पोरगी पालघरला चाललीय. भोंगा वाजला तं पला. तिचा नाय."