पाच भाषांतला नकार

सोलापूरच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहून ठेवावा असा एक दिवस मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. त्या दिवशी आमच्या मिलच्या फाटकातून कॉम्प्युटर आत आला. मॅनेजरसाहेबांनी त्याला 'नवयुगाचं आगमन' म्हटलं आणि शिपायाकडून फाटकाबाहेर सडा घालून घेतला. नवयुग मालट्रकमधून आलं. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीने वापरून काढून टाकलेलं ते यंत्र गोणपाटात गुंडाळलेलं होतं, आणि त्याच्या शेजारी काळ्या कडप्प्याची एक लांबलचक लादी उभी होती. यंत्र आणायला रेल्वेच्या मालधक्क्यावर गेलेल्या अण्णांनी येताना वखारीतून ती उचलली होती.

"हे काय?" मॅनेजरसाहेबांनी विचारलं.

"घरचा ओटा," अण्णा ट्रकमधून उतरत म्हणाले. "गाडी तशीबी अर्धी रिकामीच होती की."

अण्णा आमच्या मिलचे प्रोग्रॅमर. त्या काळी सोलापुरात हा शब्द कुणाला नीट उच्चारता येत नसे, त्यामुळे त्यांना पत्रं 'प्रोग्रॅम मास्तर' या नावाने येत आणि दरवर्षी गणेशोत्सवात एखादं मंडळ त्यांच्याकडे ऑर्केस्ट्रा मागायला येई. मूळचे अक्कलकोटकडचे. घरात कानडी, शाळेत मराठी, गल्लीत तेलुगू आणि दखनी, मुंबईच्या ट्रेनिंगमध्ये इंग्रजी. अशा पाच भाषा त्यांना येत आणि पाचही भाषांत त्यांना मुख्यतः नकार देता येई. कारकुनाला 'न्हाई', गाववाल्याला 'इल्ल', साचेखात्यातल्या विणकराला 'लेदु', गवंड्याला 'नक्को' आणि साहेबलोकांना 'नो'. आवाज चढत नसे, कारण जोडला जात नसे. दुसऱ्याने विचारलं तरच कारण मिळे, आणि बहुतेक लोक विचारत नसत. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, सांगायच्या, "घरात तेवढं हौदु, हो हो म्हणतेत, आणि मग विसरतेत."

त्यांच्या खात्यात आम्ही तिघी जणी कार्डांना भोकं पाडायला होतो. प्रत्येक कामगाराच्या प्रत्येक दिवसाचं एक कार्ड. बिल्ल्याचा नंबर, पाळी, साचा म्हणजे माग, हजर की गैरहजर, हे सगळं भोकांच्या रूपात कार्डावर जायचं आणि यंत्र ती कार्डं गिळून हजेरी छापून द्यायचं. ही हजेरी पूर्वापार मस्टरमध्ये हाताने लिहिली जात होती. नवं यंत्र आल्यावर मस्टर बंद होईल असं सगळ्यांना वाटलं. अण्णांनी तसं होऊ दिलं नाही. मस्टरही चालू, यंत्रही चालू, आणि महिनाअखेरीला दोन्ही शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघायची.

"दुप्पट काम कशाला, अण्णा?" मी एकदा कुरकुरले.

"जोशीबाई, नवा बैल जुन्याच्या जोडीला जुंपतेत. एकटा जुंपला की नांगर घेऊन बाजारात जातो. दोघं एका रेषेत चालले की मग जुन्याला सोडायचं. तवर न्हाई."

हाच नियम घरीही होता. विजापूर रस्त्याला नवे प्लॉट पाडून झालेल्या वसाहतीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं आणि ते कायम अर्धवट असे. वहिनींचे गुडघे दुखायचे. शेजारणींकडे उभ्याने स्वयंपाक करायचे ओटे झाले होते. तेव्हा अण्णांनी ओटा मनावर घेतला. पण स्वयंपाकघराच्या दुसऱ्या कोपऱ्यातली खाली बसून रांधायची जागा, तिथला स्टो, पाट आणि धुरकटलेली भिंत त्यांनी तशीच राखली. हुसेनभाई गवंड्याने विचारलं, "ये पुराना तोडूं क्या साब?" अण्णा म्हणाले, "नक्को."

हुसेनभाईंना त्यांनी भिंतीच्या गिलाव्याचा चक्क फ्लोचार्ट काढून दिला होता. मिलच्या कागदाच्या पाठीवर चौकोन, बाण आणि मधोमध शंकरपाळ्याच्या आकारात एक प्रश्न. आम्ही प्रोग्रॅमसाठी काढायचो तसाच. हुसेनभाईंना अक्षर येत नव्हतं, म्हणून अण्णांनी तो तोंडी समजावला. थर द्या. ओळंबा लावा. भिंत ओळंब्यात आहे का? नसेल तर पुन्हा वर जा, थर द्या. आणि अण्णा मिलमध्ये निघून गेले. आता जमिनीवरच्या कुठल्याच भिंतीने कुठल्याच ओळंब्याला पूर्ण समाधान दिलेलं नाही. हुसेनभाई प्रामाणिक माणूस. ते वर जात राहिले. काही दिवसांनी भिंत इतकी पुढे आली की खिडकीचं दार उघडेना.

"अजून एक थर दिला की मीच बाहेर," वहिनी म्हणाल्या. "साकु करा आता."

"मैं बी वोइच बोल्या, भाभी," हुसेनभाई म्हणाले. "पर साब के कागद में बस करो ऐसा कईं हैच नई."

अण्णांनी कागद घेतला, बाणांवरून बोट फिरवलं आणि कबूल केलं की पुरे कधी म्हणायचं ते लिहायचं राहून गेलं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाखेरीज ही चूक कुणी करू शकत नाही. साधा माणूस भिंतीकडे बघून थांबतो.

रविवार ओट्याचा होता. तो मिलला द्यायला अण्णा तयार नव्हते. निरोप धाडून उपयोग होईना तेव्हा मॅनेजरसाहेब एका रविवारी स्वतः अँबॅसडरमधून त्यांच्या दारात उतरले. मी वहिनींना मेतकूट द्यायला गेले होते, म्हणून हा प्रसंग मला ऐकीव माहितीवर सांगावा लागत नाही. अण्णा बनियन-लुंगीवर, हातात थापी, कोपरापर्यंत सिमेंट. साहेबांना बसायला एकच खुर्ची होती आणि तिच्यावर पाण्याची बादली होती.

"मिलचा प्रोजेक्ट मोठा की हा ओटा?" साहेबांनी उभ्या उभ्या विचारलं.

"दोन्ही चालू हायेत, साहेब."

"उद्घाटन दारात आलंय! चेअरमनसाहेब स्वतः बटण दाबणार आहेत."

"दाबू द्या की. तुमच्या मशीनला थंड हवेची खोली हाय. हिला हितं धड उभं राहायला जागा न्हाई. सोमवारी येतो."

साहेब गेले. गाडीच्या मागच्या सीटला सिमेंटचा पंजा उमटला होता, असं ड्रायव्हर पुढे आठवडाभर सगळ्यांना सांगत होता. तो कुणाचा हे कळलं नाही. साहेबांनी निघताना हात मिळवला होता एवढं मी पाहिलं.

उद्घाटनाच्या आधीची ताडणी झाली आणि दोन्ही बैल दोन दिशांना गेल्याचं दिसलं. साचेखात्यातला एक कामगार पाय मोडून जेऊरला आपल्या घरी पडला होता. यंत्राच्या मते तो महिनाभर एकही खाडा न करता कामावर हजर होता. आणि नरसप्पा नावाचा कामगार, जो रोज भोंग्याला आत यायचा आणि ज्याला आम्ही तिघी खिडकीतून रोज बघायचो, तो यंत्राच्या मते जन्मालाच आलेला नव्हता.

नरसप्पा बदली कामगार होता. बदली म्हणजे पहाटे फाटकावर उभं राहायचं आणि ज्याचा खाडा पडेल त्याच्या साच्यावर त्या दिवसापुरतं जायचं. मस्टरचा कारकून खाडा पडलेल्याच्या नावापुढे बारीक अक्षरात बदलीचं नाव लिहायचा. आमच्या कार्डावर त्यासाठी रकानाच नव्हता. आम्ही साच्याचा नंबर घ्यायचो आणि साच्यावर ज्याचं नाव कायम, त्याची हजेरी लागायची. बदल्याला कायम करायचं तर त्याची हजेरी भरावी लागे. नरसप्पा वर्षानुवर्षं ती भरत आला होता आणि त्याची पाळी आता जवळ आली होती.

अण्णांनी त्याला बोलावून सगळं समजावलं.

"सार, मी रोज येतो की. ह्या बाईंना दिसतो. मशीनला दिसत न्हाई व्हय?"

"मशीनला दोष न्हाई, नरसप्पा. तुला बघायचं असतं, हे आमीच तिला सांगितलं न्हाई. सांगतो. तवर तुझं मस्टर चालू राहील."

मॅनेजरसाहेबांचा बेत वेगळा होता. चेअरमनसाहेबांनी बटण दाबायचं, यंत्राने हजेरी छापायची, आणि मग जुन्या मस्टरांना हार घालून, सनई लावून, मिरवत रद्दीच्या गाडीत बसवायचं. 'जुन्याला कृतज्ञ निरोप' असं त्या कार्यक्रमाला पत्रिकेत नाव होतं. अण्णांनी सांगितलं की बदल्यांची हजेरी फक्त मस्टरमध्ये आहे. नवी कार्डं करून, ताडून होईपर्यंत ती जाता कामा नयेत. साहेब म्हणाले की पत्रिका छापून झाल्या आहेत. या युक्तिवादाला सोलापुरात उत्तर नसतं.

उद्घाटनाला मांडव पडला. साहेबांनी नवयुगावर भाषण केलं. त्यात मनुष्य चंद्रावर गेल्याचा उल्लेख होता आणि आपल्या मिलचाही. चेअरमनसाहेबांनी बटण दाबलं. यंत्राने खडखडाट करत हजेरी छापली आणि जेऊरला पडलेल्या माणसाला पुन्हा एकदा हजर केलं. टाळ्या झाल्या. मग साहेबांनी मस्टरच्या खोलीची किल्ली आणण्याची खूण केली. शिपाई रिकाम्या हाताने परतला. किल्ली अण्णांच्या खिशात होती. साहेबांनी त्यांना मंचावर बोलावलं, हसत हसत हात पुढे केला आणि दातांतून म्हणाले, "द्या."

"नो," अण्णा म्हणाले.

माइक चालू होता. साहेबांचा हात तसाच पुढे. मागून कुणीतरी ओरडलं, "काय म्हणले ओ?"

अण्णा लोकांकडे वळले. मागे बदली कामगार उभे होते, त्यांच्यात नरसप्पाही होता. अण्णांनी माइक नीट धरला.

"न्हाई," ते म्हणाले. मग एका बाजूला बघून, "इल्ल." मग दुसऱ्या बाजूला, "लेदु." आणि शेवटी कोपऱ्यात मांडवाचे खांब रोवून दमलेल्या लोकांकडे बघून, "नक्को."

एवढी शिट्टी मी कुठल्या थेटरातही ऐकली नाही. चेअरमनसाहेबांना हा राष्ट्रीय एकात्मतेचा कार्यक्रम वाटला असावा. त्यांनीही टाळ्या वाजवल्या, आणि मग साहेबांना वाजवाव्या लागल्या. सनईवाल्यांनी इशारा समजून वाजवायला सुरुवात केली. मस्टरं जागची हलली नाहीत.

दुसऱ्या दिवशी अण्णांना कॉम्प्युटरवरून काढून कापसाच्या गोदामात बसवलं. 'विशेष जबाबदारी' असा हुकमात शब्द होता. जबाबदारी म्हणजे एक टेबल आणि समोर कापूस. मी डबा खायला तिकडे जायचे. "माफी मागितली तर परत घेतील म्हणतात," मी एकदा म्हणाले. "इल्ल," ते म्हणाले. कापसावर बसून त्यांनी बदल्यांच्या रकान्याचा पुरा प्रोग्रॅम लिहून काढला आणि माझ्या हाती दिला. आम्ही तिघींनी नवी कार्डं पाडली. पुढच्याच्या पुढच्या महिन्यात मस्टर आणि यंत्र एका रेषेत आले. मस्टर बंद झालं, सनईशिवाय. नरसप्पा कायम झाला. तो पेढे घेऊन गोदामात गेला तेव्हा अण्णांनी राजीनामा दिलेला होता. बार्शीला एका कॉलेजात ते शिकवायला लागले होते. रोज एसटीने जात-येत. रविवारी ओटा.

पुढे अण्णांनी घडवलेली पोरं कुठे कुठे गेली. मीही दोन नोकऱ्या बदलल्या. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी साहेब पत्रिका छापून तयार असायचा, आणि मी पाचांपैकी येत होत्या त्या भाषांत काम भागवलं. वरिष्ठांनी माझ्या शेऱ्यांत 'हट्टी' लिहिलं. तो शब्द मी अण्णांकडून चोरलेला आहे.

अण्णा गेल्याचं कळलं तेव्हा मी वहिनींना भेटायला गेले. वसाहतीच्या पलीकडे जुळे सोलापूर पसरलं होतं आणि घर मला दोनदा विचारत शोधावं लागलं. स्वयंपाकघराची भिंत तशीच जाड होती. खिडकी शेवटी बाहेर उघडणारी करून घेतली होती. ओटा झकास झाला होता, कडप्प्याला कुठे तडा नाही. आणि वहिनी समोरच्या कोपऱ्यात, पाटावर गुडघे मुडपून, परातीत ज्वारीची भाकरी थापत होत्या.

"वहिनी, ओट्यावर का नाही?"

"उभ्यानं भाकरी थापायला जोर येत न्हाई, बाई. भाजी केली वर थोडे दिवस. भाकरी कायम हितंच." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "ते रोज विचारायचे, जुळलं का गं? मी म्हणायची, न्हाई. मग म्हणायचे, तर जुनं मोडायचं न्हाई."

कॉम्प्युटर मिलने केव्हाच भंगारात काढला होता. ओट्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले होते.