यारीच्या मागचं वजन

साखराबाईंना हाक मारली तर त्या लगेच उठत नाहीत. आधी आपण कशावर बसलोय ते हाताने चाचपतात. शेजारणी पूर्वी हसायच्या. आता हसत नाहीत.

सिरसाळ्याच्या अलीकडे एका शिवारात त्या आणि नवरा अजिनाथ विहीर खोदायला होते. अजिनाथ खाली दगड भरायचा, यारीवाल्या बंकटची यारी, म्हणजे इंजिनावर चालणारी क्रेन, ते वर ओढायची. यारीचा लांब दांडा विहिरीवर झुकलेला, म्हणून तोल सांभाळायला मागच्या पेटीत धोंडे भरलेले. शेवटच्या दिवशी काम उरकलं. यारी दुसऱ्या गावी न्यायची म्हणून बंकटने पेटी आधीच रिकामी केली. खाली फक्त अवजारं आणि अजिनाथ राहिले होते.

"वैनी, बसा की मागं. दोनच खेपा हायत. तुमी बसल्यावर धोंडे कशाला लागत्यात?"

"मेल्या, तुझ्या मायला बसीव," म्हणत साखराबाई हसत पेटीत बसल्या.

अवजारं वर आली. मग बकेटमध्ये उभा राहून अजिनाथ येऊ लागला. निम्म्यात बकेट कपारीला अडकली. बंकटने इंजिन तसंच ओढतं ठेवलं.

"थांब बे, थांब!" अजिनाथ खालून ओरडला.

नवऱ्याचा आवाज ऐकून साखराबाई उठल्या आणि काठाकडे धावल्या. त्या पोचायच्या आत यारीची मागची बाजू उचलली गेली. सगळी यारी अजिनाथच्या अंगावर विहिरीत गेली.

"वैनी उठल्या," बंकट सगळ्यांना सांगत राहिला. गावानेही तेच धरलं.

त्यांची मुलगी ऋतुजा आता पॉलिटेक्निकला आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिने आईपुढे कागदावर यारी काढली. पुढे ओढीचा मोठा बाण. बकेट अडकल्यावर ओढ किती वाढते, ते समजावलं. खरी ओढ किती होती, दांडा केवढा होता, हे तिला ठाऊक नव्हतं. तिने आईच्या सोयीचे आकडे धरले.

"तू बसून राहिली असतीस तरी यारी पडलीच असती, आई. धोंडे पाहिजे होते."

"न्हवते, म्हणून तर मला बसवलं व्हतं."

साखराबाईंनी कागद जवळ ओढला.

"ह्यात मी कुठं हाय?"

ऋतुजाने मागच्या बाजूला एक छोटा बाण काढला.

"आता मी उठले. खोड त्यो."

ऋतुजाच्या हातात खोडरबर होतं. तिने ते वापरलं नाही. साखराबाईंनीच अंगठा ओला केला आणि कागद फाटेपर्यंत तो बाण घासला.